सुट्टीच्या दिवशी कचेरी बंद असते

दिवाळी जवळ आली की बारामतीच्या एमआयडीसीत पाळ्यांच्या अदलाबदलीची बोलणी सुरू होतात. "लक्ष्मीपूजनाला तू थांब, ईदला मी थांबलो होतो," एवढ्यावर व्यवहार मिटतो. कारखाना असो, एसटीचा आगार असो की दवाखाना, जिथे चोवीस तास काम चालते तिथे ही रीत आहे. तिचा कोणी कधी गवगवा केला नाही. ऐक्य परिषदांच्या भाषणांत तिचा उल्लेख होत नाही आणि कंपनीच्या नियमपुस्तकातही ती सापडत नाही. तरी दोन्हीकडचे सण घरच्यांसोबत साजरे होतात ते या तोंडी हिशेबावरच. या हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे आणि आज त्याबद्दल लिहायचे आहे.

एकाच ठिकाणी काम करणारे तरुण सुट्टीच्या दिवशी मिळून बेघरांसाठी काही करू पाहतात. पाच-दहा जण वर्गणी काढतात आणि दिवाळीत फराळाची पाकिटे, थंडीत ब्लँकेट, रमजानमध्ये इफ्तारीचे डबे घेऊन स्टँडवर जातात. हे चांगलेच आहे. दिवाळीत तर त्याची फार गरज असते. पाडव्याला खानावळी, वडापावचे गाडे, चहाच्या टपऱ्या बंद असतात. जो माणूस एरवी त्यांच्याच आधाराने जगतो, त्याला ऐन सणाच्या दिवशी उपवास घडतो. त्या दिवशी ज्यांच्या घरी सणाची धावपळ नसते अशा मुस्लिम सहकाऱ्यांनी डबे पोचवावेत आणि ईदच्या दिवशी, आपण शीरखुर्म्यात गुंतलेलो असताना, बाकीच्यांनी. इथवर काही अवघड नाही.

अडचण पुढची आहे. ज्या दिवशी आपल्याला सुट्टी असते त्या दिवशी तहसील कचेरीलाही सुट्टी असते. नगरपरिषद, बँक, आधार केंद्र, सरकारी रुग्णालयाची ओपीडी, सगळे बंद. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आपण तेवढेच देऊ शकतो, जे सगळे बंद असतानाही देता येते: अन्न आणि पांघरूण. त्या माणसाला लागणारे बाकी सारे बुधवारी सकाळी अकरा वाजता एखाद्या खिडकीवर मिळते, आणि त्या वेळी आपण मशीनवर नाही तर काउंटरमागे असतो. वर्षानुवर्षे वाटप करूनही स्टँडवर तीच माणसे त्याच बाकांवर दिसतात, याचे एक मोठे कारण हे आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, बेघरांसाठी सुट्टीचा दिवस देणाऱ्या गटांनी कामाचा अर्धा दिवसही द्यावा, आणि तो अदलाबदलीच्या त्याच जुन्या रीतीने काढावा. सणाच्या दिवशी डबा देताना ओळख करून घ्यावी, नाव-गाव विचारावे, काय अडले आहे ते समजून घ्यावे. मग पुढच्या आठवड्यात गटातल्या एकाने त्या माणसासोबत कचेरीत किंवा दवाखान्यात जावे आणि त्याची पाळी दुसऱ्याने सांभाळावी. मोहल्ल्याच्या कमिटीला हे जमत नाही, कारण तिथे कोणी कोणाची ड्युटी करू शकत नाही. एका छताखाली काम करणाऱ्यांनाच ते जमते.

आपल्याकडे बेघर आहेत कोण? दौंडहून येणारी रेल्वे बारामतीला संपते, पुढे रूळच नाहीत. कुठे जायचे हे ठरवून न निघालेला माणूस इथे उतरतो आणि राहून जातो. इंदापूर पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, भिगवणला रेल्वे आहे, त्यामुळे चालत किंवा गाडी बदलत येणारे तिकडेही आहेत. मुलांनी सांभाळले नाही म्हणून बाहेर पडलेले म्हातारे, हात जायबंदी झाल्यावर ठेकेदाराने काढून टाकलेला कामगार, सासर आणि माहेर दोन्हीकडून तुटलेली बाई, पाल टाकून फिरणारी भटक्या जमातींची कुटुंबे आणि ज्याला आपण सरसकट 'वेडा' म्हणून पुढे जातो तो मनोरुग्ण. प्रत्येकाची गरज वेगळी. एकाच मापाचे किट सगळ्यांच्या हातात देताना हे दिसत नाही.

मनोरुग्णाचेच घ्या. त्याला दिलेले ब्लँकेट दुसऱ्या दिवशी तिथेच पडलेले दिसते आणि देणाऱ्याचा हिरमोड होतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० त्याच्यासाठीच आहे. आपल्या हद्दीत भटकणारी, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आढळली तर तिला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. ती बेघर असेल किंवा तिचे घरचे सापडत नसतील, तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्यांचा शोध घेणेही पोलिसांवर बंधनकारक आहे. हे कलम ठाण्यात शांतपणे, कागदावर छापून दाखवणारे दोन जण लागतात. मग बारामतीत सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दाखल करायची वेळ आली तर येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. बारामतीहून शंभर किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. यात एक अख्खा दिवस जातो, आणि तो कामाचाच असावा लागतो.

हे सारे शक्य आहे का, असा प्रश्न पडेल. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ मध्ये 'श्रद्धा' ही संस्था सुरू केली. मुंबईत गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. त्याला त्यांनी आपल्या दवाखान्यात नेले, उपचार केले, तेव्हा तो चांगला शिकलेला निघाला आणि त्याचे घर आंध्रात सापडले. त्यातून उभ्या राहिलेल्या कामासाठी २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थेचे केंद्र कर्जतला आहे (आपल्या शेजारचे नव्हे, रायगड जिल्ह्यातले कर्जत). तोवर रस्त्यावरची हजारो माणसे बरी होऊन आपापल्या घरी पोचली होती. त्याहून जवळचे उदाहरण अहिल्यानगरजवळच्या शिंगवे गावी आहे. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य 'माऊली'मध्ये रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. अशा ठिकाणी भेट म्हणून केक कापायला जाण्याऐवजी आपल्या गावातल्या एका बाईला तिथवर कायदेशीरपणे पोचवण्यासाठी काय काय लागते ते विचारायला जा.

दुसरी गोष्ट कागदांची. रस्त्यावरच्या माणसाची पिशवी चोरीला जाते, पावसात भिजते, आणि तिच्यासोबत त्याची ओळखही. आधार नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून निराधार योजनेचे पैसे नाहीत. पत्त्याचा पुरावा नसलेल्यांसाठी आधारच्या नियमांत सोय आहे. राजपत्रित अधिकारी, आमदार, नगरसेवक किंवा निवारागृहाचे प्रमुख यांच्यापैकी कोणी ठरावीक नमुन्यात दाखला दिला तर काम होते. पण तो दाखला मागायला कोणी तरी सोबत जावे लागते. स्टँडवर झोपणारा म्हातारा एकटा गेला तर त्याला शिपाईच बाहेर काढतो. कंपनीचे ओळखपत्र गळ्यात असलेला तरुण शेजारी उभा असला की त्याच म्हाताऱ्याला खुर्ची मिळते. हे योग्य नाही, पण असे आहे, आणि त्या ओळखपत्राचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही.

निवाऱ्याचेही विचारून घ्यायला हवे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली २०१३ मध्ये शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची योजना आली. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक कायमचा, चोवीस तास उघडा निवारा आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा, असे तिचे माप आहे. २०११ च्या जनगणनेत बारामती शहर ५४ हजारांचे होते आणि इंदापूर त्याच्या निम्मे. लाखाच्या हिशेबात लहान गावे मागे पडतात. तेव्हा नगरपरिषदेत जाऊन विचारावे: आपल्याकडे निवाऱ्याची सोय काय, खाटा किती, रात्री अकराला दार उघडते का, बायकांची वेगळी व्यवस्था आहे का? तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते तेव्हा हीच गावे लाखो माणसांच्या जेवणाची, पाण्याची, झोपायची सोय लावतात आणि त्यात आपल्या मोहल्ल्यांचाही हात असतो. त्याच गावांना दहा-वीस माणसांचे बाराही महिने जड का व्हावे?

आता पाळीच्या हिशेबातली एक मेख. गटात कायम कामगार असतील आणि कंत्राटीही असतील. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे दिवसाची हजेरी गेली. कायम कामगाराकडे रजा शिल्लक असते. मोठ्या दुकानांत आणि आस्थापनांत काम करणाऱ्यांना महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आणि आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. सुट्ट्यांपैकी चार राष्ट्रीय दिवसांच्या ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. तेव्हा अर्धा दिवस कोणी काढायचा याचे ओझे सगळ्यांवर सारखे टाकू नका. ज्याच्या रजा बुडून जाणार आहेत त्याने जावे, ज्याची हजेरी कापली जाणार आहे त्याने डब्याचे बघावे. आणि बदली तोंडी ठरवली तरी सुपरवायझरला कळवून, नोंद करून घ्या. चांगल्या कामासाठी घेतलेल्या मोकळ्या वेळेत यंत्रावर कोणाला इजा झाली तर तो माणूस कागदावर तिथे नसतोच, हे विसरू नका.

गटात सगळ्या नावांची माणसे का असावीत याचे एक कारण दिवाळी-ईदच्या अदलाबदलीत आले. दुसरे कारण जरा कडू आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे लोक होते. इंदापूरपासून फार लांबचे नव्हेत. व्हॉट्सॲपवरच्या एका अफवेवर हे घडले. रात्री साडेदहाला पालांजवळ थांबून मुलांना खाऊ देणारी चार दाढीवाली पोरे पाहून एखाद्याला काय वाटेल, याचा विचार आपल्याला आज करावा लागतो. तो करावा लागणे अपमानास्पद आहे. तरीही करावा. एकाच कारखान्याचे सलमान, सागर आणि सुनीता सोबत असतील, जाण्याआधी पोलीस ठाण्याला आणि वस्तीतल्या जाणत्या माणसाला सांगितलेले असेल, तर अफवेला जागा राहत नाही. शिवाय पालातल्या बाईशी बोलायला सुनीता असेल तर ती पोराच्या लसीबद्दल बोलेल. सलमानला ती फक्त "हो, सगळं मिळतं" एवढेच सांगेल.

बारामती आणि इंदापूरमध्ये बेघरांचा विषय काढून ऊसतोड कामगारांना वगळता येत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी: या कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बीड आणि अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, मुकादमाची उचल फेडायला. बऱ्याच जणांची दिवाळी कोपीतच होते. त्यांचे गावी घर आहे, म्हणून त्यांना बेघर म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. पण जी बाई पहाटे तीनला उठून थंडीत उसाच्या फडात जाते, पाचटात मूल झोपवते आणि रात्री प्लास्टिकच्या कागदाखाली झोपते, तिच्यासाठी वर्षाचे पाच-सहा महिने तरी हा वाद निरर्थक आहे. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभर सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांवरच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत अडकले होते. तेव्हा 'निवारा' हा शब्द सरकारनेच त्यांच्यासाठी वापरला. जकातीच्या आठ हक्कदारांत फकीर आणि मिस्कीन यांच्यासोबत इब्नुस्सबील, म्हणजे वाटेवरचा माणूस, आहे. तो कोण, हे शोधायला आपल्याला फार लांब जावे लागू नये.

कोपीवर फराळ न्या, जरूर न्या. पण तिथे गेल्यावर रेशनकार्डाचे विचारा. बीडचे कार्ड इंदापूरच्या रास्त भाव दुकानात चालते, अंगठा जुळला की धान्य मिळाले पाहिजे. अनेकांना हे ठाऊक नसते आणि ठाऊक असलेल्यांना दुकानदार "तुमच्या गावाला घ्या" म्हणून परत पाठवतो. त्या दुकानात सोबत जाणे हे सुट्टीतल्या शंभर पाकिटांच्या तोडीचे काम आहे, कारण धान्य हंगामभर दर महिन्याला मिळेल.

पैशाबद्दल थोडेसे. आपल्या समाजात रमजानमध्ये हात सैल सुटतो आणि शव्वाल लागला की मूठ मिटते. मिळालेले पैसे दिसेल त्याला वाटून मोकळे व्हायची घाई असते. २०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जमवलेल्या पैशांतून तिथल्या आयजीएम या सरकारी रुग्णालयात ३६ लाखांचा अतिदक्षता विभाग उभा केला. आपल्याला लाखांची गरज नाही. येरवड्यापर्यंतचे गाडीभाडे, आधारसाठी फोटो, महिनाभराची औषधे, एखाद्याला गावी सोडायचे एसटीचे तिकीट, याला वर्षाला काही हजार पुरतात. मात्र ते मार्चमध्ये जसे हाताशी असतात तसे ऑगस्टमध्येही असायला हवेत. पेटी गटातल्या एकाकडे, हिशेब सगळ्यांच्या ग्रुपवर. सदका आणि लिल्लाह यांना घेणाऱ्याच्या धर्माची अट नाही, तेव्हा गटातल्या मुस्लिम मुलांनी उगाच संकोचू नये.

आणि फोटो नकोत. कंपन्यांना सामाजिक निधीच्या अहवालात फोटो लागतात, सारख्या टी-शर्टमधले, मागे बॅनर असलेले. तो निधी कायद्याने द्यायचाच असतो, त्याचे श्रेय त्यांनी घ्यावे. आपल्या खिशातून चाललेल्या कामाला कोणत्याही अहवालाचे बंधन नाही. घर भाड्याने मागताना नाव ऐकल्यावर "आत्ताच गेलं हो" हे उत्तर आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे! दारातून परतताना कोणी आपला फोटो काढला असता तर?

एक तारीख मात्र आतापासून लिहून ठेवा. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. प्रगणकांनी रस्ते, पूल, स्टेशने, देवळे-दर्ग्यांचे आवार अशी ठिकाणे आधी हेरून ठेवायची आणि एकाच रात्रीत तिथली माणसे मोजायची, अशी ती पद्धत. तेव्हा देशात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर नोंदले गेले. ज्या गावात शून्य बेघर नोंदले जातात तिथे निवाऱ्याची मागणी करायला आधारच उरत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा आहे. जुनीच पद्धत राहिली तर बेघरांची रात्र असेल रविवार, २८ फेब्रुवारी २०२७.

ती रात्र रमजानमधली आहे. चंद्र एखादा दिवस मागेपुढे दिसेल, पण शेवटच्या अशऱ्याच्या उंबरठ्यावरची, एरवीही जागरणाची रात्र. त्याआधी दोन-तीन आठवडे आपल्या गटाने कोण कुठे झोपतो याची यादी करून नगरपरिषदेला, तहसीलला आणि मिळाल्यास थेट प्रगणकाला द्यावी. म्हणजे स्टँडमागची भिंत, कालव्याचा पूल, दर्ग्याची ओसरी सुटणार नाही. यादी द्यायला जाण्यासाठी कामाचा एक दिवस लागेल. आणि रविवारी रात्री तरावीहनंतर प्रगणकासोबत फिरून, सहरी करून येणाऱ्यांसाठी सोमवारच्या पहिल्या पाळीला कोण थांबणार, हे दिवाळीच्या अदलाबदलीची बोलणी चालू आहेत तोवरच ठरवून टाका.